अमीर अब्दुल कादिर : महासत्तेशी पंधरा वर्षे झुंजलेले सत्यवचनी राज्यकर्ते



कर्ज बुडवणारा माणूस पैसे मागणाऱ्या धनकोच्याच घरावर चाल करून गेला आणि त्याची तिजोरी उचलून घेऊन आला, तर आपण त्याला काय म्हणाल? एका माणसाने असे केले तर तो दरोडा ठरतो. एखाद्या बलाढ्य राष्ट्राने केले, की त्याला मोहीम, विस्तार, कधी कधी तर सुधारणा अशी भारदस्त नावे मिळतात. एकोणिसाव्या शतकात अल्जीरियाच्या वाट्याला हेच आले.

त्याआधीच्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स युद्धात आणि धान्यटंचाईत सापडला होता. त्या अडचणीच्या काळात अल्जियर्सच्या व्यापाऱ्यांमार्फत त्याने गहू उधारीवर नेला. पुढे तीन दशके उलटली, फ्रान्समध्ये राजवटी बदलल्या, पण ती रक्कम अल्जियर्सला पोहोचली नाही. १८२७ मध्ये अल्जियर्सचे शासक हुसेन दे यांनी फ्रेंच वकिलाला या बाबतीत जाब विचारला. बोलाचाली वाढली आणि रागाच्या भरात त्यांनी हातातील पंखा वकिलाला मारला. हाच अपमान पुढे करून फ्रान्सने अल्जियर्स बंदराची तीन वर्षे नाकेबंदी केली आणि १४ जून १८३० रोजी सुमारे ३७ हजारांचे सैन्य किनाऱ्यावर उतरवले. ५ जुलैला शहर शरण आले. तेथील खजिन्यातून अधिकृत मोजणीनुसार सुमारे ४ कोटी ८० लाख फ्रँक फ्रान्सच्या हाती पडले. ऋणकोने धनकोची तिजोरी रिती केली.

शरणागतीच्या करारात लोकांच्या धर्माला, मालमत्तेला आणि व्यापाराला हात लावला जाणार नाही, असे लिहिलेले होते. अडीच वर्षांच्या आत अल्जियर्सच्या प्रसिद्ध केतशावा मशिदीचे चर्चमध्ये रूपांतर झाले आणि वक्फची मालमत्ता सरकारजमा होऊ लागली. जुने शासन नाहीसे झाले होते आणि नवे शासन शब्दाला जागत नव्हते. अशा वेळी देशाच्या पश्चिम भागातून एक तरुण पुढे आला. अमीर अब्दुल कादिर (रह.) हे त्याचे नाव. त्यांचे चरित्र आज आपल्यासमोर ठेवण्याचे कारण एवढेच की, आकाराने लहान आणि साधनांनी दुबळा समाज महासत्तेच्या तोफांना आणि तिच्या आर्थिक कोंडीला कसा तोंड देतो, कोठे टिकतो आणि कोठे कमी पडतो, हे या एका आयुष्यात स्पष्ट दिसते.

ज्ञान आणि हजयात्रा

अब्दुल कादिर यांचा जन्म १८०८ च्या सुमारास मस्करा शहराजवळच्या गेतना या गावी झाला. वडील मुहिउद्दीन हे कादिरी परंपरेच्या खानकाहचे प्रमुख आणि त्या भागातील आदरणीय विद्वान होते. त्यांच्या आश्रयाला विद्यार्थी, वाटसरू आणि तंटे सोडवून घेण्यासाठी येणारे कबिल्यांचे लोक सतत असत. मुलाने कुरआन मुखोद्गत केला, हदीस आणि फिकहचा अभ्यास केला आणि घोड्यावर मांड टाकण्यात तर तो साऱ्या परिसरात नावाजला गेला.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास पिता-पुत्र हजला निघाले. या प्रवासात मक्का आणि मदिनेबरोबरच कैरो, दमास्कस आणि बगदाद ही नगरे त्यांनी पाहिली. इजिप्तमध्ये त्या काळी मुहम्मद अली पाशा नवे सैन्य, नवे कारखाने आणि नवी करव्यवस्था उभारत होते. मुस्लिम देशाला स्वतःची बंदूक स्वतः घडवता आली पाहिजे, ही जाणीव या तरुणाला तेथे झाली असावी, असे त्यांच्या पुढील कार्यावरून वाटते. परतल्यावर मात्र ते पुन्हा ग्रंथांकडे वळले. युद्ध आणि राज्यकारभार यांची त्यांना हौस नव्हती. इतिहासाने त्यांना पुस्तकावरून उठवले.

बैअत

फ्रेंच सैन्याने ओरान शहर घेतल्यावर पश्चिमेकडील कबिले मुहिउद्दीन यांच्याकडे आले आणि नेतृत्व स्वीकारा म्हणाले. वयोवृद्ध मुहिउद्दीन यांनी ती जबाबदारी आपल्या पुत्रावर सोपवावी असे सुचवले. नोव्हेंबर १८३२ मध्ये मस्कराजवळच्या ग्रीसच्या मैदानात कबिल्यांच्या प्रमुखांनी चोवीस वर्षांच्या अब्दुल कादिर यांच्या हातावर बैअत केली.

येथे एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. या तरुणाजवळ त्या दिवशी ना राजधानी होती, ना पगारी फौज, ना खजिना. समोर युरोपातील पहिल्या क्रमांकाच्या लष्करांपैकी एक लष्कर होते. लोकही एकसंध नव्हते. कबिल्या-कबिल्यांत जुनी वैरे होती. तुर्की अमदानीत काही कबिले करमुक्त राहून इतरांकडून कर वसूल करण्याचे काम करीत आणि बाकीचे त्यांचा द्वेष करीत. अशा समाजाला केवळ आवेशाच्या भाषणांनी एकत्र ठेवता येत नाही, हे नव्या अमिरांनी प्रथमच ओळखले.

न्यायाच्या पायावरील खजिना

म्हणून त्यांनी हात घातला तो करपद्धतीला. विशेषाधिकार असलेल्या कबिल्यांचे विशेषाधिकार त्यांनी काढून घेतले आणि सर्वांना एकच नियम लावला : जनावरांवर जकात आणि पिकावर उशर, म्हणजे शरीअतने ठरवून दिलेला वाटा. युद्धाच्या गरजेसाठी ‘मऊना’ नावाची जादा वर्गणी घेतली जाई. वाचकहो, याचे महत्त्व असे की, कर देणाऱ्याला आपण एखाद्या सरदाराची तिजोरी भरतो असे वाटत नव्हते, तर आपण एक फर्ज अदा करतो, असे वाटत होते. जेथे कर ही इबादत होते, तेथे वसुलीसाठी लागणारी तलवार म्यानात राहू शकते. ज्यांचे जुने हक्क गेले ते कबिले अर्थातच नाराज झाले आणि त्यांतील काही फ्रेंचांना जाऊन मिळाले. न्यायाचीही किंमत मोजावी लागते आणि अमिरांनी ती मोजली.

त्यांनी आपल्या प्रदेशाची आठ प्रांतांत विभागणी केली आणि प्रत्येक प्रांतावर एक खलीफा नेमला. त्यांच्या हाताखाली परगण्यांचे अधिकारी होते आणि न्यायदानासाठी काझी होते. ताकदेम्त येथे नवे नगर वसवले आणि तेथे टाकसाळ काढून स्वतःची नाणी पाडली. या नाण्यांपैकी एकाचे नाव ‘मुहम्मदिया’ होते. तिलिमसानला तोफा ओतण्याचा आणि इतरत्र बंदुका व दारूगोळा तयार करण्याचा उद्योग सुरू केला. त्यासाठी युरोपीय कारागीरही नेमले. कौशल्य ज्याच्याजवळ असेल त्याच्याकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. किनाऱ्यावरील शहरे शत्रूच्या नौदलाच्या माऱ्यात येत, म्हणून किनाऱ्यापासून दूर, आतल्या डोंगराळ भागात सेब्दू, सईदा, ताकदेम्त, बोगार अशी ठाण्यांची ओळ त्यांनी उभी केली. पगारी फौज भरभराटीच्या काळातही सुमारे दहा हजारच होती.

स्वतः अमीर मात्र साध्या वस्त्रांत, तंबूत राहत. बैतुलमाल ही जनतेची अमानत आहे, ही खलीफा हजरत उमर (रजि.) यांची शिकवण त्यांच्यासमोर होती. आक्रमणाखाली असलेल्या देशात राज्यकर्त्याची राहणी ही खासगी बाब राहत नाही. लोकांकडून त्याग मागणाऱ्याच्या ताटाकडे लोकांचे लक्ष असते.

तह आणि त्याचे दोन मसुदे

अमिरांचे पहिले मोठे शस्त्र बाजार हे होते. फ्रेंच सैन्य ओरान, मुस्तगानेम आणि अर्झ्यू या किनाऱ्यावरील शहरांत होते, पण त्याला लागणारे धान्य, मांस आणि घोडे आसपासच्या कबिल्यांकडून येत. अमिरांनी हा पुरवठा बंद करण्याचा हुकूम काढला. तटाच्या आतील शिबंदीला ताज्या अन्नाची चणचण भासू लागली आणि ओरानचा फ्रेंच सेनापती देमिशेल याने फेब्रुवारी १८३४ मध्ये अमिरांशी तह केला. तोफांची बरोबरी नसतानाही एका लहान सत्तेने महासत्तेला वाटाघाटीस बसवले, ते प्रामुख्याने अन्नपुरवठ्यावरील नियंत्रणाच्या जोरावर.

तह फार काळ टिकला नाही. जून १८३५ मध्ये मक्ता नदीच्या दलदलीत अमिरांनी फ्रेंच तुकडीचा दारुण पराभव केला. फ्रेंचांनी त्याच वर्षाच्या अखेरीस मस्करा शहर जाळून त्याचा सूड घेतला. चढउतार होत राहिले आणि ३० मे १८३७ रोजी सेनापती ब्युजो याच्याशी ताफना येथे दुसरा तह झाला. त्यानुसार देशाच्या अंतर्भागाचा फार मोठा प्रदेश अमिरांच्या हुकमतीखाली असल्याचे फ्रान्सने मान्य केले. अमिरांनी फ्रेंचांना गव्हाची आणि जवाची प्रत्येकी ३० हजार मापे आणि ५ हजार बैल द्यावयाचे ठरले. बदल्यात त्यांना फ्रान्समधून शस्त्रे, गंधक आणि दारू विकत घेण्याची मुभा मिळाली.

परंतु या दोन्ही तहांत एक मेख होती. अरबी मसुदा आणि फ्रेंच मसुदा यांचा अर्थ तंतोतंत एक नव्हता. फ्रेंच मसुद्यात अमिरांनी फ्रान्सचे सार्वभौमत्व मान्य केल्याचे दिसे, तर अरबी मसुद्यात तसे बंधन नव्हते. सीमेबद्दलची वाक्येही दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचता येतील अशी होती. कुरआनने देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची, लेखकाने न्यायाने लिहिण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद दिली आहे. ती केवळ दुकानदारांसाठी आहे, असे आपल्याला वाटते. पण दुबळ्याच्या हातातील संदिग्ध कागद हा बलवानाच्या हातातील शस्त्र होतो, हे या तहांनी दाखवून दिले. १८३९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच सैन्य ‘लोखंडी दरवाजे’ नावाच्या खिंडीतून अमिरांच्या दाव्यातील प्रदेश ओलांडून गेले. अमिरांच्या दृष्टीने तो तहभंग होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा युद्ध पेटले.

पेवांवर चाललेले युद्ध

१८४१ च्या आरंभी ब्युजो अल्जीरियाचा गव्हर्नर जनरल होऊन आला. मोठ्या लढाया जिंकूनही हा देश ताब्यात येत नाही, हे त्याने ओळखले होते. कारण अमिरांचे बळ शहरांत नव्हते. ते होते उभ्या पिकांत, जनावरांच्या कळपांत, फळबागांत आणि जमिनीखालच्या धान्याच्या पेवांत. म्हणून त्याने युद्धाचा रोख सैन्याकडून शेतकऱ्याकडे वळवला. हलक्या, वेगवान तुकड्या गावोगाव फिरू लागल्या. पिके जाळायची, अंजिराची आणि ऑलिव्हची झाडे तोडायची, पेवे शोधून उपसायची, गुरेमेंढ्या हाकून न्यायच्या आणि उपासमारीने कबिल्याला शरण आणायचे, अशी ही पद्धत होती. मे १८४१ मध्ये ताकदेम्त उद्ध्वस्त झाले, टाकसाळ आणि कारखाने गेले. पुढील वर्षी तिलिमसानही गेले. १८४५ च्या जूनमध्ये दहरा डोंगरात गुहेत आश्रय घेतलेल्या एका कबिल्यातील शेकडो स्त्री-पुरुष व मुले गुहेच्या तोंडाशी पेटवलेल्या आगीच्या धुराने गुदमरून मेली. या कृत्याबद्दल खुद्द पॅरिसमध्ये आवाज उठला. १८४६ पर्यंत अल्जीरियातील फ्रेंच सैन्याची संख्या एक लाखाच्या वर गेली.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सिरियाकडे निघालेल्या सैन्याला केलेला उपदेश आपण जाणताच : स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, वस्ती उजाड करू नये. तो उपदेश आणि ब्युजोची पद्धत यांमध्ये बारा शतकांचे अंतर आहे. सुसंस्कृतपणाचा दावा करणारा पक्ष यांतील कोणता, हे वाचकांनीच ठरवावे.

नगरे गेल्यावर अमिरांनी आपली राजधानीच फिरती केली. हजारो तंबूंची, वर्तुळांत रचलेली ही ‘जमाला’ आज येथे तर उद्या तेथे असे. तिच्यात घरे होती, कारागीर होते, बाजार होता, कुराणपठण शिकवणारे उस्ताद होते आणि अमिरांनी आयुष्यभर जमवलेला ग्रंथसंग्रहही होता. १६ मे १८४३ रोजी अमीर दूर असताना फ्रान्सच्या राजपुत्राच्या घोडदळाने ताग्वीन येथे ती अचानक गाठली. हजारो लोक कैद झाले आणि ग्रंथांची पाने विखुरली गेली. विद्वान राज्यकर्त्याला तो घाव किती खोल गेला असेल, याची कल्पना ग्रंथांवर प्रेम करणाऱ्यांना सहज येईल.

बंदिवानांचे हक्क

अशा निर्घृण युद्धातही अमिरांनी आपल्या सैन्यासाठी एक मर्यादा आखली. शत्रूचे शीर कापून आणणाऱ्याला बक्षीस देण्याची त्या भागात जुनी चाल होती. ती त्यांनी बंद केली आणि कैदी जिवंत व धडधाकट आणणाऱ्यालाच बक्षीस मिळेल, असा नियम केला. कैद्यांना वाईट वागवल्याची तक्रार आली तर शिक्षा होत असे. अल्जियर्सचे बिशप द्युपुश यांनी एका कैद्याच्या सुटकेसाठी त्यांना पत्र लिहिले, तेव्हा झालेल्या पत्रव्यवहारातून १८४१ मध्ये दोन्ही बाजूंच्या बंदिवानांची अदलाबदल घडून आली. पुढे खायला घालण्याइतके अन्न उरले नाही, तेव्हा त्यांनी काही कैद्यांना काहीही मोबदला न घेता सोडून दिले. स्वतःला अन्नाची निकड असताना बंदिवानाला जेवू घालणाऱ्यांची कुरआनने जी प्रशंसा केली आहे, ती त्यांच्यासाठी केवळ पठणाची बाब नव्हती.

सत्य सांगताना एक काळी घटनाही सांगितली पाहिजे. एप्रिल १८४६ मध्ये अमीर शेकडो कोस दूर असताना त्यांच्या तळावरील फ्रेंच कैद्यांपैकी बहुतेकांची कत्तल झाली. अन्न संपत आले होते, शत्रू जवळ होता आणि तळावरील अधिकाऱ्यांनी तो निर्णय घेतला. उरलेल्या थोड्या कैद्यांना अमिरांनी नंतर सोडले, पण हा डाग त्यांच्या पक्षावर राहिला. नेत्याने घालून दिलेला नियम त्याच्या पाठीमागे पाळला जाईल अशी व्यवस्था नसेल, तर केवळ त्याची सज्जनता पुरी पडत नाही.

फूट आणि शेजाऱ्याला दाखवलेले भय

अमिरांचे राज्य फ्रेंच तोफांनीच पडले असे म्हणणे अपुरे आहे. पूर्वेकडे कॉन्स्टंटाइनचे अहमद बे हेही फ्रान्सशी शर्थीने लढत होते, पण दोघांची हातमिळवणी कधी झाली नाही. ताफनाच्या तहामुळे पश्चिमेकडे शांतता झाली आणि मोकळ्या झालेल्या फ्रान्सने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टंटाइन जिंकले. १८३८ मध्ये अमिरांनी ऐन मादी येथील तिजानी परंपरेच्या प्रमुखाला नमवण्यासाठी कित्येक महिने वेढा दिला. जे बळ आणि जो काळ परचक्राच्या तयारीत खर्ची पडायला हवा होता, तो स्वकीयांविरुद्ध गेला. अमिरांवर प्रेम करणाऱ्यांनीही ही चूक झाकू नये. महासत्तेला आपल्यातील भेग शोधावी लागत नाही. ती आपणच तिला दाखवतो.

अखेरचा आधार होता शेजारचा मोरोक्को. तेथून शस्त्रे येत, तेथे आश्रय मिळे आणि तेथील जनता अमिरांच्या बाजूची होती. फ्रान्सने मग मोरोक्कोलाच धडा शिकवला. ऑगस्ट १८४४ मध्ये तांजियर आणि मोगादोर या बंदरांवर आरमाराने तोफा डागल्या आणि १४ ऑगस्टला इस्ली नदीकाठी सुलतानाच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहात सुलतानाला अमिरांना आपल्या राज्यातही गुन्हेगार मानण्याचे कलम मान्य करावे लागले. प्रतिकार करणाऱ्याला थेट नमवता आले नाही, तर त्याला पाणी देणाऱ्या शेजाऱ्याची विहीर बुजवायची, ही रीत तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही. सप्टेंबर १८४५ मध्ये सिदी ब्राहीम येथे अमिरांनी एका फ्रेंच तुकडीचा जवळजवळ नायनाट केला, पण तो विझत्या दिव्याचा शेवटचा उजेड होता. डिसेंबर १८४७ मध्ये खुद्द मोरोक्कोचे सैन्य त्यांच्यावर चालून आले.

दिलेला शब्द आणि मोडलेला शब्द

आता त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. मोजक्या स्वारांसह वाळवंटात निसटून जाणे त्यांना शक्य होते. पण तसे केले असते तर मागे राहिलेल्या स्त्रिया, मुले, जखमी आणि वृद्ध शत्रूच्या हाती पडले असते. त्यांनी सोबत्यांशी सल्लामसलत केली. स्वतःच्या नावासाठी इतरांचे प्राण पणाला लावणे त्यांनी नाकारले. अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे आपल्याला आणि आपल्या माणसांना जाऊ द्यावे, या अटीवर त्यांनी सेनापती लामोरिसिएर याच्यापुढे शस्त्र खाली ठेवले. सेनापतीने शब्द दिला आणि गव्हर्नर असलेल्या राजपुत्राने त्याला मान्यता दिली.

जहाज मात्र फ्रान्सच्या तुलाँ बंदरात गेले. दोन महिन्यांत पॅरिसमध्ये राज्यक्रांती झाली, राजा पळाला आणि नव्या प्रजासत्ताकाने जुन्या सरकारचा शब्द पाळण्याचे नाकारले. तुलाँ, पो आणि शेवटी आंब्वाझ अशा तीन किल्ल्यांत अमीर सुमारे पाच वर्षे कैदेत होते. थंड, दमट हवेत त्यांच्या परिवारातील आणि सोबत्यांतील अनेक जण, त्यांत लहान मुलेही होती, मृत्यू पावले. आंब्वाझच्या किल्ल्याच्या बागेत त्यांच्या कबरी आजही आहेत. या काळात अमीर नमाज, अध्ययन आणि लेखन यांत मग्न राहिले. त्यांना भेटायला आलेले पूर्वीचे शत्रू त्यांचे चाहते होऊन परतले. ज्यांना त्यांनी कधीकाळी कैदेत सन्मानाने वागवले होते, त्यांतील काहींनी त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला.

ऑक्टोबर १८५२ मध्ये लुई नेपोलियन यांनी स्वतः आंब्वाझला येऊन त्यांच्या मुक्ततेची घोषणा केली. अल्जीरियात पुन्हा शस्त्र हाती धरणार नाही, असे वचन अमिरांनी दिले. ज्या राष्ट्राने त्यांना दिलेला शब्द मोडला होता, त्याला दिलेला शब्द त्यांनी उर्वरित एकतीस वर्षे पाळला. यावर काहींनी त्यांना दोष दिला आहे. परंतु करार समोरच्याच्या योग्यतेवर अवलंबून नसतो, त्याबद्दल अल्लाहसमोर जाब द्यायचा असतो, ही इस्लामची शिकवण आहे. हुदैबियाच्या तहाच्या वेळी मक्केहून बेड्यांसह पळून आलेल्या अबू जंदल (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कराराखातर परत पाठवले होते, हा प्रसंग या ठिकाणी आठवतो.

दमास्कसची परीक्षा

सुटकेनंतर अमीर काही काळ तुर्कस्तानातील बुरसा येथे राहिले आणि १८५५ मध्ये दमास्कसला स्थायिक झाले. उमय्यद मशिदीत ते शिकवत. थोर सूफी विचारवंत इब्ने अरबी यांच्या ‘फुतूहाते मक्किया’ या ग्रंथाची मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिलेली प्रत त्यांनी सिद्ध करवून घेतली. आयुष्याची संध्याकाळ अशीच ग्रंथांत जाईल असे वाटत असताना त्यांच्यावर आणखी एक कसोटी आली.

जुलै १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरातील यादवीचे लोण दमास्कसला पोहोचले आणि जमाव ख्रिस्ती मोहल्ल्यावर तुटून पडला. घरे पेटली, कत्तल सुरू झाली. तुर्की अधिकाऱ्यांनी हातपाय गाळले. अमीर आपल्या अल्जीरियन सोबत्यांना घेऊन गल्लीबोळांत शिरले. सापडतील त्या ख्रिस्ती स्त्रिया, पुरुष, मुले, धर्मगुरू आणि युरोपीय वकील यांना त्यांनी आपल्या घरी आणले. घर भरले, तेव्हा त्यांना पहाऱ्यात किल्ल्यावर पोहोचवले. जमाव दारात येऊन ख्रिस्ती लोकांना स्वाधीन करण्याची मागणी करू लागला, तेव्हा ते स्वतः त्याला सामोरे गेले. जिवंत ख्रिस्ती व्यक्ती घेऊन येणाऱ्याला बक्षीस देण्याचे त्यांनी जाहीर केले. अशा रीतीने हजारो प्राण वाचले.

विचार करा, ज्या माणसाची भूमी, राजधानी, ग्रंथ आणि आप्त ख्रिस्ती फ्रान्सने हिरावून घेतले होते, त्याच्याजवळ सूड उगवण्याची ही संधी होती. त्याला हात उचलण्याचीही गरज नव्हती. केवळ घरात बसून राहणे पुरेसे होते. पण एखाद्या समूहाच्या शत्रुत्वाने तुम्हाला अन्यायास प्रवृत्त करू नये, हा कुरआनचा आदेश त्यांनी आपल्या हिशेबाच्या वर ठेवला. फ्रान्सने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. रशिया, ग्रीस आणि तुर्कस्तानकडूनही सन्मानचिन्हे आली. कॉकेशसमध्ये रशियाशी दीर्घकाळ लढून कैद झालेले इमाम शामिल यांनी त्यांचे अभिनंदन करणारे पत्र पाठवले. एका महासत्तेशी झुंजून हरलेल्या वीराने दुसऱ्या महासत्तेशी झुंजून हरलेल्या वीराला लिहिलेले ते पत्र होते.

२६ मे १८८३ रोजी दमास्कसमध्ये अमिरांचे निधन झाले आणि इब्ने अरबी यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. अल्जीरिया स्वतंत्र होण्यास आणखी एकोणऐंशी वर्षे लागली. ५ जुलै १९६२ रोजी ते स्वातंत्र्य आले आणि नंतर त्यांचे अवशेष मायदेशी आणून अल्जियर्सच्या दफनभूमीत ठेवण्यात आले. नव्या राष्ट्राने त्यांना आपला संस्थापक मानले.

आपल्यासाठी

वाचकहो, एका अर्थाने ही पराभवाची कथा आहे आणि तिला विजयाचा मुलामा देण्याची गरज नाही. पंधरा वर्षे झुंजूनही अमीर आपला देश वाचवू शकले नाहीत. मात्र ती पंधरा वर्षे ते कशाच्या आधारावर उभे राहिले, हे आपण पाहिले : सर्वांना सारखा असलेला कर, विश्वासाने भरलेली धान्याची पेवे, स्वतःची टाकसाळ, शिकून घेतलेले तंत्र आणि जनतेइतकाच साधा राहणारा नेता. ते कोठे पडले, हेही पाहिले : आपसातील वैर, संदिग्ध कागद, एकाकी पडलेला शेजारी आणि शत्रूच्या हाती सहज लागणारे अन्न.

लहान राष्ट्रांवर आजही बंदरांची नाकेबंदी, कर्जाचा फास आणि व्यापारबंदी यांचे दडपण येते. त्यांच्यासाठी दुआ करणे आपले कर्तव्य आहेच. पण आपल्या घराच्या आणि मोहल्ल्याच्या पातळीवरही हेच प्रश्न लहान रूपात उभे असतात. आपली जकात हिशेबाने निघते का आणि ती गरजूपर्यंत पोहोचते का? आपले व्यवहार लिहून ठेवलेले असतात का? दोन मशिदींतील किंवा दोन भावांतील वाद तिसऱ्याच्या दारी जाण्याआधी मिटतो का? दंगलीच्या दिवशी आपल्या दारात भयभीत होऊन आलेला शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सुरक्षित राहील का? या प्रश्नांची उत्तरे तयार करायला कोणत्याही महासत्तेची परवानगी लागत नाही.

अल्लाह अमीर अब्दुल कादिर यांच्यावर कृपा करो आणि आपल्याला न्यायाने वागण्याची, एकोप्याने राहण्याची आणि दिलेला शब्द पाळण्याची बुद्धी देवो. आमीन.